पोस्टिंग टेक्सासला, दवाखाना न्यू मेक्सिकोत : अमेरिकी सैन्यातला गर्भपाताचा वाद

प्रश्न थोडक्यात असा : बायडेन सरकारने महिला सैनिकांच्या गर्भपातासाठी सरकारी पैसा दिला, म्हणून एका सिनेटरने शेकडो लष्करी बढत्या अडवल्या आणि ट्रम्प आल्यावर तो पैसा बंद झाला, असे वाचायला मिळते. यातले खरे किती? आणि आज तिथल्या महिला सैनिकावर ही वेळ आली तर तिच्या हातात काय उरते?

पहिली दुरुस्ती लगेच करतो. बायडेन यांच्या काळातही अमेरिकेचे संरक्षण खाते ऐच्छिक गर्भपाताचे बिल भरत नव्हते. कायद्याने ते भरताच येत नव्हते. दिला जात होता तो प्रवासभत्ता आणि मिळत होती ती रजा. हा फरक डोक्यात पक्का बसला नाही, तर पुढचे सगळे भांडण चुकीचे समजते. बातम्यांमध्ये नेमका हाच फरक पुसला जातो.

मूळ कायदा म्हणजे संघीय कायद्याच्या शीर्षक १० मधले कलम १०९३. कलम छोटे आहे, त्याची पोटकलमे दोन. पहिले पैशाबद्दल : संरक्षण खात्याचा निधी गर्भपात करण्यासाठी वापरता येणार नाही. दुसरे जागेबद्दल : लष्करी रुग्णालयात किंवा खात्याच्या कुठल्याही वास्तूत गर्भपात करता येणार नाही. दोन्हींना अपवाद तेच. गर्भ पूर्ण दिवस वाढू दिला तर आईच्या जिवाला धोका असेल, किंवा गर्भ बलात्कारातून अथवा रक्ताच्या नात्यातल्या संबंधातून राहिला असेल, तरच परवानगी. जागेचा नियम स्वतंत्र असल्याने एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. महिला सैनिक स्वतःच्या खिशातून सगळा खर्च करायला तयार असली, तरी तळावरच्या रुग्णालयात ते होत नाही. तिला बाहेर जावेच लागते.

कायद्यात शब्द ‘जीव’ असा आहे, ‘प्रकृती’ असा नाही. हा शब्द किती कठोर आहे हे दोन खटल्यांत दिसले. गर्भाची कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच होत नाही, अशी एक विकृती असते. असे मूल जगत नाही. १९९४ मध्ये एअर नॅशनल गार्डमधल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीच्या गर्भात ती आढळली आणि तिने गर्भपात करून घेतला. लष्करी आरोग्य विम्याने बिल नाकारले. मूल जगणार नाही हे निश्चित असेल तर बंदीला अर्थ काय, असा तिचा युक्तिवाद होता. २००४ मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने तो फेटाळला : आईच्या जिवाला धोका नव्हता, म्हणून अपवाद लागू नाही. पुढच्याच वर्षी नवव्या सर्किट न्यायालयाने नौदलातल्या एका सैनिकाच्या पत्नीबाबत तसाच निकाल दिला. तिच्या प्रकरणात तर सरकारने, आधी न्यायालयाच्या आदेशावरून भरलेले सुमारे ३ हजार डॉलर परत मागितले. एवढ्या रकमेसाठी सरकार अपिलात गेले, यावरून हे कलम किती घट्ट धरले जाते याची कल्पना यावी.

ही बंदी सुरुवातीपासूनची नाही. १९७० च्या उन्हाळ्यात संरक्षण खात्याच्या आरोग्य विभागाने उलट आदेश काढला होता : वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्याचे कारण असेल तर राज्याचा कायदा काहीही म्हणो, लष्करी रुग्णालयाने गर्भपात करावा. ३ एप्रिल १९७१ रोजी निक्सन यांनी तो फिरवला आणि तळ ज्या राज्यात आहे त्या राज्याचा कायदा पाळा असे सांगितले. गर्भपात हा घटनात्मक हक्क ठरवणाऱ्या १९७३ च्या रो विरुद्ध वेड निकालानंतर काही वर्षे लष्करी रुग्णालयांत सोय होती. १९७८ पासून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, अर्थसंकल्पी विधेयकांतून निधी आवळायला सुरुवात केली, १९८४ मध्ये बंदी कायम कायद्यात गेली, १९८८ मध्ये खात्याने परदेशातल्या तळांवर खासगी पैशाने होणारे गर्भपातही थांबवले. जानेवारी १९९३ मध्ये क्लिंटन यांनी ते पुन्हा सुरू केले, पण परदेशातल्या बऱ्याच लष्करी डॉक्टरांनी सदसद्विवेकाचे कारण देऊन नकार दिला, म्हणून कागदावरची सोय कागदावरच राहिली. फेब्रुवारी १९९६ च्या संरक्षण कायद्याने जागेची बंदी पक्की केली. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा खर्च विम्यातून द्यायला तर जानेवारी २०१३ उजाडावे लागले. सिनेटर जीन शाहीन यांच्या दुरुस्तीमुळे ते झाले. त्याआधी जवळजवळ वीस वर्षे मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेवरच्या गरीब स्त्रीला ही सवलत होती आणि गणवेशातल्या स्त्रीला नव्हती.

१९७० च्या त्याच काळातली एक केस मुद्दाम सांगतो, कारण या वादाची दुसरी बाजू त्यात दिसते. एअर फोर्समधल्या परिचारिका कॅप्टन सुझन स्ट्रक व्हिएतनाममध्ये असताना गरोदर राहिल्या. त्या काळी नियम असा होता की गरोदर अधिकारी सेवेत राहू शकत नाही. तळावर गर्भपात करून घ्या, नाहीतर नोकरी सोडा. त्या कॅथलिक होत्या. गर्भपात नको, बाळ दत्तक देऊन मी सेवेत राहीन, एवढेच त्यांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू पुढे त्याच न्यायालयाच्या न्यायमूर्ती झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी मांडायला घेतली. न्यायालयाने प्रकरण दाखल करून घेतल्यावर एअर फोर्सने बडतर्फीचा आदेशच मागे घेतला आणि निकाल लागण्याची वेळ आली नाही. म्हणजे एके काळी हेच सैन्य गर्भपात करून घे म्हणून दडपण आणत होते. स्त्रीच्या गर्भाचा निर्णय तिच्या वरिष्ठाच्या टेबलावर जातो, हे दुखणे तेव्हाचेही आणि आत्ताचेही.

आता २०२२ कडे येऊ. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या डॉब्स निकालाने रो रद्द झाला आणि गर्भपाताचा कायदा ज्या त्या राज्याच्या हाती गेला. सामान्य नागरिक राज्य बदलू शकतो, निदान बदलायचा विचार तरी करू शकतो. सैनिकाची नेमणूक आदेशाने होते. भारतातल्या वाचकाला हे चटकन उमजत नाही, कारण आपल्याकडे १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा, २०२१ च्या दुरुस्तीसह, पुण्यातही तोच आणि जोधपूरमध्येही तोच. अमेरिकेत मात्र न्यू जर्सीत वाढलेली एखाद्या मराठी घरातली मुलगी सैन्यात गेली आणि तिला टेक्सासमधले फोर्ट हूड मिळाले, तर तिच्या शरीराला लागू होणारा कायदा बदलीच्या कागदावर बदलतो. न्यू जर्सीत ज्यासाठी डॉक्टरची अपॉइंटमेंट पुरते, त्यासाठी टेक्सासमध्ये डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. टेक्सासच्या कायद्यात बलात्काराचाही अपवाद नाही. आणि तळ आहेत ते नेमके बंदी किंवा कडक मर्यादा असलेल्या राज्यांत दाटीने : टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, लुइझियाना, केंटकी, ओक्लाहोमा, अलाबामा. रँड संस्थेच्या सप्टेंबर २०२२ च्या अभ्यासानुसार देशांतर्गत तळांवरच्या सक्रिय सेवेतल्या सुमारे ४० टक्के महिला, म्हणजे जवळपास ८० हजार जणी, गर्भपात बंद किंवा फार आवळलेला असलेल्या राज्यांत होत्या.

संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी २० ऑक्टोबर २०२२ रोजी परिपत्रक काढले आणि १६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याचे तपशीलवार नियम आले. नियम तीन.

पहिला रजेचा. विम्यात न बसणाऱ्या प्रजननविषयक उपचारांसाठी २१ दिवसांपर्यंत प्रशासकीय अनुपस्थिती. ही वार्षिक रजेतून कापली जात नव्हती. जोडीदार किंवा अवलंबितासोबत जाणाऱ्या सैनिकालाही ती मिळे. दुसरा प्रवासभत्त्याचा. जवळपास वेळेत सोय नसेल, तर सर्वांत जवळच्या सक्षम केंद्रापर्यंतचा प्रवास आणि मुक्काम. शस्त्रक्रियेचे किंवा गोळ्यांचे पैसे यात नाहीत. यात नुसता गर्भपातही नव्हता, टेस्ट ट्यूब बेबीसारखे वंध्यत्वाचे उपचारही याच नियमांत होते. तिसऱ्या नियमाकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष झाले, माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा : गरोदर असल्याचे कमांडरला कधी सांगायचे. नियमाने ही मुदत २० आठवड्यांपर्यंत नेली. रसायने, किरणोत्सर्ग, उड्डाण यांसारखे कामातले धोके असतील तर आधी सांगणे बंधनकारक. बाकीच्यांना विचार करायला अवधी मिळाला.

कायदा पैसा वापरू देत नसताना भत्ता कसा दिला, हा रास्त प्रश्न आहे. उत्तर एका क्रियापदात आहे. कलम १०९३ म्हणते, गर्भपात ‘करण्यासाठी’ निधी वापरू नये. न्याय खात्याच्या विधी सल्ला कार्यालयाने ३ ऑक्टोबर २०२२ च्या मतात म्हटले की ‘करणे’ म्हणजे प्रत्यक्ष प्रक्रिया, तिथवरचा प्रवास त्यात येत नाही. विरोधकांचा युक्तिवादही हलका नव्हता. बंदीचा हेतूच करदात्याचा पैसा या कामापासून दूर ठेवण्याचा आहे, मग तिकीट काढून देणे म्हणजे आडवाटेने तेच नव्हे का? मला मजकुराचे वाचन न्याय खात्याचे बरोबर वाटते. काँग्रेसने आरोग्य खात्यासाठी लिहिलेल्या हाइड दुरुस्तीची, म्हणजे गर्भपातावर संघीय पैसा खर्च करण्यावरच्या बंदीची, भाषा वेगळी आणि जास्त रुंद आहे. हव्या त्या ठिकाणी रुंद शब्द वापरणारी काँग्रेस इथे अरुंद शब्द वापरते, तेव्हा तो शब्द आहे तसाच वाचायला हवा. पण हे सगळे परिपत्रकाच्या पायावर उभे होते. परिपत्रकाने दिलेले परिपत्रकाने काढून घेता येते. डेमोक्रॅट पक्षाने तेव्हा हे कायद्यात बसवले नाही, सिनेटमध्ये तेवढी मतेच नव्हती.

आता बढत्यांची अडवणूक. अलाबामाचे रिपब्लिकन सिनेटर टॉमी ट्युबरविल यांनी डिसेंबर २०२२ मध्येच इशारा दिला होता आणि धोरण लागू होताच तो अमलात आणला. एकटा माणूस एवढे कसे अडवतो, हे कळायला सिनेटची कामाची रीत पाहावी लागते. जनरल आणि अॅडमिरल दर्जाच्या प्रत्येक नेमणुकीला सिनेटची संमती लागते. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात, सशस्त्र दल समिती ते तपासून पुढे पाठवते, मग ते कार्यसूचीवर येते. एरवी अशी डझनावारी नावे एका झटक्यात, ‘कुणाची हरकत आहे का’ विचारून, एकमताने मंजूर होतात. एकाने हरकत घेतली की ही वाट बंद. त्याने मंजुरी कायमची थांबत नाही, पण मग प्रत्येक नाव स्वतंत्र घ्यावे लागते : चर्चा आटोपण्याचा प्रस्ताव, मध्ये एक दिवस, त्यावर मतदान, मग सर्वसाधारणपणे दोन तासांपर्यंत चर्चा, मग अंतिम मतदान. काँग्रेसच्या संशोधन सेवेने २०२३ मध्ये २७३ नावांचा हिशोब मांडला. सिनेटने रात्रंदिवस दुसरे काहीही केले नाही, तरी ३० दिवस १७ तास. रोज आठ तास काम धरले तर जवळपास तीन महिने. आणि नावे तर रोज वाढत होती.

परिणाम खाली कसा झिरपला ते मरीन कोअरमध्ये दिसले. १० जुलै २०२३ रोजी कमांडंट, म्हणजे दलाचे प्रमुख, जनरल डेव्हिड बर्जर निवृत्त झाले. त्यांच्या जागी जायचे होते उपप्रमुख जनरल एरिक स्मिथ. मंजुरी नाही म्हणून ते हंगामी प्रमुख झाले आणि उपप्रमुखाचे कामही त्यांच्याकडेच राहिले. ऑगस्टमध्ये भूदलाचे जेम्स मॅकॉनव्हिल आणि नौदलाचे मायकेल गिल्डे निवृत्त झाले, तिथेही हंगामी माणसे आली. सप्टेंबरमध्ये सिनेटने तिन्ही दलांचे संयुक्त प्रमुख म्हणून सी. क्यू. ब्राउन, भूदलप्रमुख म्हणून रँडी जॉर्ज आणि मरीन कोअरचे प्रमुख म्हणून स्मिथ यांना एकेक करून मंजूर केले, पण स्मिथ यांच्या हाताखालची जागा रिकामीच राहिली. २९ ऑक्टोबरला स्मिथ यांना हृदयविकाराचा झटका आला. तेव्हाही ते दोन्ही पदांचे काम ओढत होते. झटका त्या ताणानेच आला असे म्हणता येणार नाही. पण चार दिवसांत, २ नोव्हेंबरला, सिनेटने उपप्रमुख म्हणून क्रिस्टोफर माहोनी यांना मंजुरी दिली. त्याच दिवशी नौदलप्रमुख म्हणून लिसा फ्रँचेटी यांना ९५ विरुद्ध १ मतांनी मंजुरी मिळाली. त्या पदावरच्या त्या पहिल्या महिला. महिलांच्या आरोग्याच्या धोरणावरून अडकलेल्या नावांत त्यांचेही नाव होते.

वरच्या नावांची बातमी होते. एकतारांकित बढती अडकलेल्या अधिकाऱ्याच्या घरात मात्र सामान बांधलेले, जुने घर सोडायची नोटीस दिलेली, मुलांची शाळा कोणत्या गावात घ्यायची ते ठरत नाही आणि पगार जुन्याच हुद्द्याचा, असे महिने गेले. या अधिकाऱ्यांनी धोरण लिहिलेले नव्हते आणि ते बदलणेही त्यांच्या हातात नव्हते. धोरणाला विरोध करण्याचा ट्युबरविल यांना पूर्ण हक्क होता. ज्यांच्या हाती काहीच नाही त्यांना ओलीस धरण्याचे समर्थन मात्र करता येत नाही. त्यांच्या स्वपक्षीयांनाही ते पटले नाही : १ नोव्हेंबरच्या रात्री डॅन सलिव्हन, जोनी अर्न्स्ट, लिंडसे ग्रॅहम आणि टॉड यंग या रिपब्लिकन सिनेटरांनी एकामागून एक ६१ नावे पुकारली आणि ट्युबरविल यांनी प्रत्येकाला हरकत घेतली. शेवटी ५ डिसेंबर २०२३ रोजी त्यांनी चारशेहून अधिक नावे सोडली, आणि चारतारांकित पदांची उरलेली नावे त्याच महिन्यात, नाताळच्या आधी. बदल्यात धोरणातला एक शब्दही बदलला नाही. कनिष्ठ सभागृहाने जुलैमध्ये रॉनी जॅक्सन यांची धोरण रद्द करणारी दुरुस्ती २२१ विरुद्ध २१३ मतांनी वार्षिक संरक्षण विधेयकात घातली होती, तीही डिसेंबरच्या अंतिम कायद्यातून गळाली.

आणि ज्यावरून एवढे झाले तो खर्च किती? पेंटॅगॉनने दिलेल्या माहितीनुसार जून ते डिसेंबर २०२३ या काळात प्रवासभत्ता १२ वेळा वापरला गेला. एकूण खर्च ४५ हजार डॉलरच्या आत. त्यात वंध्यत्वाच्या उपचारांचे प्रवासही धरलेले आहेत. आकडा लहान का, याची कारणे उघड आहेत. भत्ता मागायचा म्हणजे कागद करायचे, आणि कागद म्हणजे युनिटमधल्या कुणाच्या तरी नजरेखालून जाणे. पुष्कळ जणींना त्यापेक्षा स्वतःचे पैसे घालून शनिवार-रविवारी गुपचूप जाऊन येणे बरे वाटत असणार. म्हणूनच रजेचा आणि गुप्ततेचा नियम मला भत्त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

२४ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी हाइड दुरुस्तीच्या अंमलबजावणीचा कार्यकारी आदेश काढला आणि पाच दिवसांत लष्करी प्रवास नियमावलीतून हा भत्ता वगळण्यात आला. घाईत वंध्यत्वाच्या उपचारांचा प्रवासही गेला, तो काही दिवसांतच वेगळ्या परिपत्रकाने परत आणावा लागला. गर्भपाताचा परत आला नाही.

मग आज वेळ आली तर काय? आधी कॅलेंडर समजून घ्या, कारण गाडी तिथेच रुळावरून घसरते. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात. समजा फोर्ट हूडची सैनिक त्याच सुमाराला युनिटबरोबर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, फोर्ट आयर्विनला, महिनाभराच्या सरावासाठी गेली. तिथे औषधाचे दुकान नाही, खासगीपण नाही, पाळी चुकली तर ती दगदगीने चुकली असेल असे वाटते. परत येऊन चाचणी करेपर्यंत आठ आठवडे उलटलेले. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्यांचा मार्ग अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या मान्यतेनुसार १० आठवड्यांपर्यंत. त्यापुढे दवाखान्यातली प्रक्रिया, जास्त खर्च, कदाचित जास्त मुक्काम. म्हणजे तिच्या हातात दोन आठवडे, आणि त्यात रजा मंजूर व्हायची.

रजा ही दुसरी अडचण. सैनिकाला महिन्याला अडीच दिवस, वर्षाला ३० दिवस रजा साठते, पण ती मंजूर करणे कमांडरच्या हाती असते आणि कामाच्या निकडीसाठी तो ती नाकारू शकतो. साध्या वार्षिक रजेच्या अर्जात आजाराचे किंवा उपचाराचे वर्णन लिहिण्याची गरज नाही. कुठे असणार आणि संपर्क काय, एवढे लागते. भूदलात ३ किंवा ४ दिवसांचा विशेष पासही असतो, तो रजेतून कापला जात नाही. मात्र युनिट अनेकदा पासवर अंतराची मर्यादा घालते आणि नेमकी तीच आड येते. फोर्ट हूडच्या शेजारच्या किलीन गावाहून न्यू मेक्सिकोतले अल्बुकर्की रस्त्याने हजार किलोमीटरच्या वर आहे. याउलट टेक्सासच्याच फोर्ट ब्लिसहून, एल पासोतून, न्यू मेक्सिकोतले लास क्रुसेस तासाभरावर. राज्य एक, कायदा एक, पण एकीला दुपारची सुट्टी पुरते आणि दुसरीला चार दिवसांची. केंटकी-टेनेसीच्या सीमेवरच्या फोर्ट कॅम्पबेलहून इलिनॉयमधले कार्बनडेल दोन-अडीच तासांवर आहे. नॉर्थ कॅरोलायनात १२ आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे, पण प्रत्यक्ष समुपदेशनानंतर ७२ तास थांबावे लागते. म्हणजे फोर्ट ब्रॅगच्या सैनिकाला एकाच आठवड्यात दोनदा वेळ काढावा लागतो. न्यू मेक्सिकोत असा प्रतीक्षाकाळ नाही. ठिकाण ठरवताना नुसते किलोमीटर मोजू नयेत, हा प्रतीक्षाकाळ आधी पाहावा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रजा मिळत नाही म्हणून न सांगता निघून जाणे. गर्भपात करून घेणे हा लष्करी न्यायसंहितेत गुन्हा नाही. गर्भस्थ बाळाला इजा करण्याबद्दलचे जे कलम ११९अ आहे, त्यात गरोदर स्त्री स्वतः आणि तिच्या संमतीने झालेला गर्भपात स्पष्टपणे वगळलेले आहेत. पण परवानगीवाचून गैरहजर राहणे हा कलम ८६ खाली गुन्हा आहे, आणि त्यावर कारवाई झाली की चौकशीत कारणही बाहेर येते. रजा अडत असेल तर लष्करी वकिलांच्या मदत कार्यालयाकडे, तळावरच्या डॉक्टरकडे किंवा पाद्रीकडे जावे. पाद्रीशी झालेले बोलणे पूर्ण गोपनीय असते, तो स्वतः गर्भपाताच्या विरोधात असला तरी.

दुसरी चूक तळावरच्या रुग्णालयाला टाळण्याची. गर्भपात आपोआप झाला किंवा होत असेल, गर्भ नळीत अडकला असेल, तर ते उपचार बंदीत येत नाहीत. लष्करी रुग्णालयात ते होतात आणि विमाही देतो. बंदीच्या भीतीने रक्तस्राव अंगावर काढणे जिवावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट बलात्कारातून राहिलेल्या गर्भाची. यात पोलिसांत तक्रार असणे ही अट नाही. गर्भ अशा प्रकारे राहिला आहे असे डॉक्टरला सद्भावनेने वाटले आणि त्याने तशी नोंद केली की लष्करी विम्याला ते पुरते. अत्याचाराची ‘मर्यादित तक्रार’ नोंदवण्याचीही सोय आहे. ती लैंगिक अत्याचार समन्वयक, पीडितांचा सहायक किंवा आरोग्य कर्मचारी यांच्याकडे होते, उपचार आणि मदत मिळते, पण कमांडरला नाव कळत नाही आणि तपास सुरू होत नाही. मात्र ही गोष्ट आधी वरिष्ठाला सांगितली तर मर्यादित तक्रारीचा उपयोग बहुधा संपतो, कारण वरिष्ठाला ती पुढे कळवावीच लागते. म्हणून कुणाला आधी सांगायचे, हा क्रम जपायचा.

याच प्रकरणात एक खाच आहे. टेक्सासमध्ये विमा पैसे देईल, पण खासगी रुग्णालय राज्याच्या कायद्यामुळे हात लावणार नाही. तेव्हा लष्करी रुग्णालयातच करायचे. संघीय कर्मचारी कर्तव्य बजावत असताना राज्य त्याला शिक्षा करू शकत नाही, ही भूमिका संरक्षण खात्याने डॉब्सनंतर चार दिवसांनी, २८ जून २०२२ च्या परिपत्रकात मांडली होती. तळावरच्या छोट्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ नसेल, तर मोठ्या लष्करी रुग्णालयात किंवा दुसऱ्या राज्यात पाठवायचा आग्रह धरावा. हा उपचार विम्यात बसतो, त्यामुळे त्याचा प्रवास अधिकृत वैद्यकीय प्रवास ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालेला भत्ता हा नव्हे. तळावरचा कारकून दोन्हींची गल्लत करून ‘ते बंद झाले’ म्हणून अर्ज परत करू शकतो. तेव्हा डॉक्टरच्या रेफरलवर ‘विमासंरक्षित उपचार’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.

परदेशातल्या तळांवर यजमान देशाचा कायदा येतो. जर्मनीत समुपदेशनानंतर तीन दिवस थांबून, गर्भधारणेपासून १२ आठवड्यांपर्यंत करता येते. इटलीत मुदत ९० दिवसांची, पण नकार देणारे डॉक्टर पुष्कळ. जपानच्या कायद्यात जोडीदाराच्या संमतीची अट आहे. तिथे नेमणूक झालेल्या सैनिकाला भाषेची अडचण आणि रुग्णालयाची ओळख नसणे हे वर. देशात परतायचे तर लांबची रजा आणि विमानाचे तिकीट, दोन्ही स्वतःचे. नव्याने भरती झालेल्या सैनिकाचा मूळ पगार महिना अडीच हजार डॉलरच्या आसपास असतो, आणि ओकिनावाहून अमेरिकेचे ऐनवेळचे तिकीट त्याचा बराच भाग गिळते.